कण काढणारं घर

पेलम बेंडमध्ये डोळ्यात राख गेली तर दवाखान्यात जायची पद्धत नव्हती. लोक क्लिऑन स्ट्रॉडरच्या ओसरीवर जात.

ऑक्टोबरात ऊस जाळायला सुरुवात झाली की मार्चपर्यंत गावावर राख पडत राही. आधी पाचट जाळायचं आणि मग तोडणीची यंत्रं फडात घालायची, अशी तळ्याकाठच्या त्या सगळ्या गावांची रीत. राखेला लोक काळा बर्फ म्हणत आणि ती दिसली की दोरीवरचे कपडे आत घेत. साधी राख पापणी मिटली की निघून जाई. पण कधी पाचटाचा जळका तुकडा वाऱ्यावर येऊन बुबुळाला चिकटे. तो पाण्याने निघत नसे आणि चोळला तर आणखी रुते.

असा कण जिभेने काढायचा असतो. हे येत होतं क्लिऑनच्या आजीला, मिस ओझेलाला. मिठाच्या पाण्याने ती चूळ भरे, आगकाडीवर पापणी उलटी करी आणि जिभेचं टोक डोळ्याच्या बाहेरच्या कडेपासून नाकाकडे एकदाच फिरवी. दुसऱ्यांदा फिरवावी लागली नाही कधी, असं गावात सांगत. तिचे नियम दोनच. आलेल्याला परत पाठवायचं नाही, मग तो कारखान्याचा गोरा मुकादम असो की कालच तुरुंगातून सुटलेला. आणि ज्याचा कण काढला त्याने आभार मानायचे नाहीत. आभार मानले की कण परत येतो. म्हणून लोक उठत, डोळा मिचकावत आणि काही न बोलता पायऱ्या उतरत.

ओझेलाने हे मुलींना शिकवलं नाही, नातवाला शिकवलं. ती गेल्यावर क्लिऑन ओसरीवर बसू लागला. पुरुषाने पुरुषाच्या डोळ्याला जीभ लावायची, यावर पहिल्या वर्षी कारखान्यात थोडी थट्टा झाली. पण राखेपुढे थट्टा टिकत नाही. सगळ्यात जास्त दात काढणारा डिसेंबरात स्वतःच डोळा धरून तिथे बसलेला दिसला. पुढे कुणाला त्यात काही वाटेनासं झालं. जीभ क्लिऑनची असली तरी लोकांच्या लेखी हात ओझेलाचा होता.

ओडेल बॅस्किनला हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्याचा त्याने कधी वेगळा विचार केला नाही. नेमकं तेच त्याला नडलं.

ओडेल ऊस जाळणाऱ्या टोळीत पाण्याच्या टाकीची गाडी चालवी. आग फडाच्या बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढं त्याचं काम. हंगाम संपला की काम संपे. मग तो लोकांची छपरं दुरुस्त करी, मासे धरी आणि आई वर्नेटाच्या पेन्शनीवर दोघांचं भागे. त्रेचाळीसचा झाला तरी लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल गावाने एक उत्तर ठरवून टाकलं होतं, की आईचं करतो. ते उत्तर सगळ्यांनाच सोयीचं होतं.

तरुणपणी तो ससे धरण्यात पटाईत होता. फडाला चारी बाजूंनी आग लागली की ससे जीव घेऊन बाहेर पडतात. बेंडची पोरं आणि बाप्ये कडेला उभे असतात आणि त्यांना पळत जाऊन हातांनी धरतात. गावातून फुटबॉलला मोठमोठ्या संघांत गेलेले सगळे आधी सशांमागे पळलेले. पळायचं जोडीने असतं. एकाने ससा वळवायचा, दुसऱ्याने झडप घालायची. ओडेल वळवायचा, क्लिऑन धरायचा. सतरा वर्षांचे असताना एका दुपारी ओडेलच्या डोळ्यात कण गेला. ओझेला तेव्हा जिवंत होती, तिच्याकडे जायचं सोडून क्लिऑन म्हणाला, "बस इथे. मला येतं." कालव्याच्या काठावर, मेलेले ससे शेजारी टाकून, त्याने पहिल्यांदा कुणाचा तरी डोळा साफ केला. कण निघाला. क्लिऑनने तोंड मागे घेतलं नाही.

ते तेव्हापासून चालू होतं. मध्ये क्लिऑनचं अर्लीनशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. तो कारखान्याच्या वजनकाट्यावर लागला, संध्याकाळी शाळेच्या फुटबॉल संघाचा दुय्यम कोच झाला. महिन्यातून एखाद्या रविवारी, चर्च सुटल्यावर, दोघं गळ घेऊन मासे धरायला म्हणून जुन्या पंपघराकडे जात. मासेही आणत.

एका हंगामात सिनेमावाले आले. दिग्दर्शक मार्सेल टॉलिव्हर, डेट्रॉइटचा. गावातल्यांसारखाच काळा, हळू बोलणारा, गावात येताना टोपी काढून येणारा माणूस. उसाच्या गावातल्या एका गरीब माणसाची गोष्ट त्याला करायची होती. नायकाचं काम करणारा नट देखणा होता, पण सशामागे पळताना त्याला बघून टोळीतले लोक ट्रकच्या टपावर लोळून हसले.

"अरे, ससा थांबलाय याच्यासाठी," हॅस्कल म्हणाला. हॅस्कल ओडेलचा टोळीतला जोडीदार, मशालीने फड पेटवणारा. "दमला असेल म्हणून पाणी विचारतोय त्याला."

शेवटी लांबून घ्यायच्या दृश्यांत नटाच्या जागी ओडेल पळाला. पाठ त्याची, पाय त्याचे.

नायकाचं घर म्हणून त्यांनी वर्नेटाचं घर भाड्याने घेतलं. लाकडी, दोन खोल्यांचं. वर्नेटाने आयुष्यभर शाळेत फरशा पुसल्या होत्या आणि तोच हात ती घरी येऊन स्वतःच्या भिंतींवर चालवी. पडदे इस्त्रीचे. सजावटवाल्या मुलीने सगळं बघितलं आणि ती अवघडून म्हणाली, "मॅडम, घर फार छान आहे. पण ते… पडद्यावर कळणार नाही." मग त्यांनी पडदे काढले, भिंतींवर ओलीचे डाग रंगवले, ओसरीची एक फळी तोडली आणि कुठूनसा एक फाटका सोफा आणून ठेवला.

"आपण गरीब आहोत ते पुरेसं दिसेना म्हणे," वर्नेटा शेजारणीला सांगत होती. "म्हणून गरीब करून दाखवलंय. मी जन्मभर उलटं करत आले."

जाताना त्यांनी सगळं पुन्हा रंगवून दिलं. तरी तिने ते एकदा पुसून घेतलं.

चित्रीकरणाच्या शेवटच्या आठवड्यात एकदा काम लवकर संपलं. मार्सेल आणि ओडेल तळ्याच्या बंधाऱ्यावर बसले होते. ज्याच्यावर पहिल्यांदा जीव जडला, त्या माणसाबद्दल मार्सेल बोलला. बस डेपोत झाडू मारायचा तो, आता हयात नाही. मार्सेलने आवाज खाली केला नाही, आजूबाजूला बघितलं नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. मग म्हणाला, "आणि तुला, भाऊ? तुला कुणी जीव लावला की नाही?"

हा प्रश्न ओडेलला जन्मात कुणी विचारला नव्हता. त्याने तळ्याकडे बघत डोळ्याचं सांगितलं. कालवा, ससे, जीभ, मिठाची चव. नाव सांगितलं नाही. एवढी काळजी त्याने घेतली आणि काळजी घेतली याचं त्याला समाधानही वाटलं. डोळ्यातला कण जिभेने काढणं ही गोष्ट त्याच्या लेखी भाकरीसारखी होती, सगळीकडे असणारी. मार्सेलही ती तशीच धरून चालेल, असं त्याला वाटलं. ती एकाच घरात होते, हे त्या वेळी त्याच्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या जानेवारीत मार्सेलचा फोन आला.

"भाऊ, महोत्सवात बक्षीस मिळालं! आणि दिलेला शब्द पाळतोय. शनिवारी तुमच्या शाळेच्या हॉलमध्ये दाखवतोय, सगळ्या गावाला. मला यायला जमत नाही, पण माझी माणसं यंत्र घेऊन येतील."

"छान झालं," ओडेल म्हणाला. "आई खूश होईल."

"तिकडे लोक उभे राहिले रे. तो डोळ्याचा प्रसंग आला ना, माझ्या शेजारची बाई हुंदके द्यायला लागली."

"कुठला डोळ्याचा?"

"तू सांगितलेला. बंधाऱ्यावर. जसाच्या तसा घेतला. मियामीकडे दुसरा कालवा शोधून केला नंतर."

ओडेल स्वयंपाकघरात उभा होता. खिडकीबाहेर आई दोरीवरचे कपडे काढत होती.

"तो काढता येईल का?" त्याने विचारलं.

"काय काढता?"

"तो भाग. कापून."

मार्सेल हसला आणि मग थांबला. "भाऊ, तो कापला तर उरतं काय? एक गरीब माणूस, एक मोडकं घर आणि ससे. असले सिनेमे ढीगभर आहेत. आपली माणसं मार खाताना, मारताना, मरताना सगळ्यांनी बघितलीत. एकमेकांचा डोळा साफ करताना कुणी बघितलीत? आणि नावगाव कुठेच नाही त्यात. तू तरी कुठे सांगितलंस मला? मग कळणार कुणाला?"

याला उत्तर होतं. तळ्याच्या काठी असं करणारं एकच घर आहे, हे ते उत्तर. पण ते दिलं असतं तर नाव दिल्यासारखंच झालं असतं.

"बरोबर आहे," ओडेल म्हणाला. "कुणाला कळणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शाळेच्या मैदानावर गेला. सराव संपला होता. मुलं गेली होती. क्लिऑन वाकून चेंडू गोळा करून जाळीत भरत होता. मोठे कोच या वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी क्लिऑन येणार, हे गाव धरून चाललं होतं. शाळेच्या समितीने फक्त शिक्का मारायचा बाकी होता. बेंडमध्ये कोच होणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पाद्री रस्त्यात भेटला तर लोक मान डोलावतात, कोच भेटला तर गाडी थांबवतात.

"शनिवारी येऊ नकोस," ओडेल म्हणाला.

"का रे? एवढ्या मोठ्या पडद्यावर तुझे पाय बघून दचकेन की काय? बघितलेत मी ते, लेका. जवळून."

"क्लिऑन, मी त्याला डोळ्याचं सांगितलं."

क्लिऑन उभा राहिला. हातात चेंडू होता, तो त्याने जाळीत टाकला नाही.

"कुणाला?"

"सिनेमावाल्याला. घेतलंय त्याने ते. नाव नाही सांगितलं मी."

"नाव नाही सांगितलंस."

"नाही."

"अरे, नाव नाही सांगितलंस, पण जीभ कुणाची सांगितलीस?" क्लिऑनचा आवाज चढला नाही, कोरडा झाला. "या तळ्याच्या काठी अशी जीभ किती घरांत आहे? सांग ना. मोज."

ओडेलने पायाजवळचा एक चेंडू उचलून जाळीत टाकला.

"का सांगितलंस?"

"त्याने विचारलं."

"त्याने विचारलं!"

"मला कधी कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणजे मीही नाही विचारलं, असंच ना?"

"तुला कशाला विचारावं लागेल? तू होतास की तिथे."

क्लिऑनने जाळीची दोरी ओढून गाठ मारली. जाळी खांद्यावर घेतली, दोन पावलं गेला आणि तिथूनच पाठमोरा म्हणाला, "हॉलमध्ये खुर्च्या मी लावणार आहे. मी आलो नाही तर तेच आधी दिसेल. येईन. अर्लीनला घेऊन पुढे बसेन." मग म्हणाला, "रविवारी मासे नकोत."

शनिवारी दुपारी हॉल भरला. सिनेमात काहीतरी 'तसलं' आहे, अशी कुणकुण होती, पण कुणाचा भाचा त्यात होता, कुणाचा कुत्रा होता, कुणाचं दुकान होतं. ते चुकवणार कोण? मागच्या टेबलांवर बायकांनी ससा, भात आणि रस्सा मांडून ठेवला होता. क्लिऑन कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता, शेजारी अर्लीन. ओडेल आईबरोबर मध्ये बसला. तिथून क्लिऑनची मान दिसत होती.

पडद्यावर घर आलं. डाग, मोडकी ओसरी, उघड्या खिडक्या. वर्नेटा ताडकन उभी राहिली.

"ते डाग रंगाचे आहेत!" ती म्हणाली. "आधीच सांगते सगळ्यांना. माझ्या घरात डाग नाहीत!"

"माहितीय, मिस वर्नेटा!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुमच्या जमिनीवर जेवता येतं! बसा आता, कुत्रा दिसत नाही माझा!"

हशा झाला. ती बसली, पण पर्स मांडीवर घट्ट धरून.

मग आग आली, ससे आले. पडद्यावर ओडेलची पाठ धुरातून पळाली आणि हॉलभर टाळ्या पडल्या. "वळव, ओडेल, वळव!" हॅस्कल ओरडत होता. "डावीकडे, आंधळ्या!" लोक खुर्चीत पुढे सरकले होते. खरंच फडाच्या कडेला उभे असल्यासारखे.

मग कालवा आला. पडद्यावरच्या देखण्या नटाने डोळा धरला आणि गवतात बसला. दुसरा त्याच्यासमोर गुडघ्यांवर आला. खिशातून आगकाडी काढली, पापणी उलटी केली आणि जीभ लावली. बाहेरच्या कडेपासून नाकाकडे. एकदाच.

"अगं बाई!" मिस विलामे म्हणाली. गावातली सगळ्यात म्हातारी, कानाने कमी, त्यामुळे तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जाई. "हे ओझेलाचं! ऊस गोठला त्या वर्षी माझा असाच काढला होता तिने!"

हॉलमध्ये एकदम ऊब आली. लोक टाळ्या वाजवू लागले. "कोच, आजी सिनेमात गेली तुझी!" कुणीतरी ओरडलं. क्लिऑनने मागे न बघता एक हात वर केला, चर्चमध्ये नाव पुकारल्यावर करतात तसा. ओडेलने श्वास सोडला. वाचलो, त्याला वाटलं. हा ओझेलाचा मान म्हणून निभावून जाईल.

पडद्यावरच्या माणसाने तोंड मागे घेतलं नाही.

मार्सेलने तो प्रसंग घाईत उरकला नव्हता. काळी राख दोघांच्या केसांत पडत होती. एकाचा हात दुसऱ्याच्या मानेमागे होता आणि नखांत सशाचं रक्त होतं. ओडेलने हे आतून अनुभवलं होतं, बाहेरून कधी बघितलं नव्हतं. ते असंच होतं. त्यात खोटं काही नव्हतं. डाग खोटे होते, घर खोटं होतं, पळणारा नट खोटा होता आणि एवढं एकच खरं होतं.

टाळ्या कधी थांबल्या ते कळलं नाही. यंत्राची घरघर ऐकू येऊ लागली. कुणी ओरडलं नाही, कुणी उठलं नाही. कुणाचीही मान पहिल्या रांगेकडे वळली नाही. वळली असती तर बरं, असं ओडेलला वाटलं. दोनशे माणसं एका ठिकाणी बघायचं टाळत होती आणि त्यामुळे ते ठिकाण दिवा लावल्यासारखं दिसत होतं.

सिनेमा संपल्यावर लोक जेवले. कुत्र्याबद्दल बोलले, दुकानाबद्दल बोलले. खुर्च्या उचलायला एरवी क्लिऑनबरोबर पाचसहा जण सहज पुढे होत. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात ताटली होती. क्लिऑन एकटाच खुर्च्या मिटून भिंतीला लावत होता. ओडेलने एक खुर्ची उचलली.

"राहू दे," क्लिऑन म्हणाला. बघितलं नाही.

अर्लीन रिकामी भांडी घेऊन जवळून गेली. क्षणभर थांबली.

"तुझे पाय छान आले, ओडेल," ती म्हणाली आणि पुढे गेली.

घरी जाताना गाडीत वळणावर वर्नेटा म्हणाली, "भिंतीवरचे डाग खोटे आहेत, हे तरी मला उठून सांगता आलं." तिने काच वर केली. बाहेर राख पडत होती. त्या सिनेमाबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही.

बेंडमध्ये कुणी क्लिऑनला वाकडा शब्द बोललं नाही. दगड आला नाही, भिंतीवर काही लिहिलं गेलं नाही. वजनकाट्यावर लोक त्याला पूर्वीसारखंच गुड मॉर्निंग करत. समितीने कोच म्हणून पलीकडच्या गावातला माणूस घेतला. कारण दिलं, की नवा चेहरा हवा. थोड्या दिवसांनी क्लिऑनने संघाचं काम सोडलं आणि काट्यावर काम वाढलंय असं सांगितलं. ते उत्तरही सगळ्यांना सोयीचं होतं.

आणि ओसरीवर कुणी येईनासं झालं.

आधी ओडेलच्या ते ध्यानात आलं नाही. मग टोळीत लाल डोळे दिसू लागले. एकाने डोळा चोळून चोळून जखम करून घेतली. एक जण अर्धा दिवस बुडवून मोठ्या गावच्या दवाखान्यात जाऊन आला. हॅस्कलने वेल्डिंगवाल्याचा चष्मा मिळवला आणि तो घालून फड पेटवू लागला. "कसा दिसतो?" त्याने विचारलं. "बेडकासारखा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे गरजेपेक्षा जास्त हसले.

मियामीहून दोन तरुण पोरं आली एकदा, हातात हात घालून. सिनेमा बघून आली होती. कालव्याचे फोटो काढले आणि टोळी जेवायला बसली होती तिथे येऊन विचारलं, "ते डोळ्यातलं जिभेने काढतात, ते इथेच ना? कोण काढतं?"

हॅस्कलने घास गिळला. ओडेलकडे बघितलं नाही.

"सिनेमातलं आहे ते, बाळांनो," तो म्हणाला. "इथे असलं काही नसतं."

त्याने ते वाईट मनाने म्हटलं नाही. झाकायला म्हणूनच म्हटलं होतं. पण ओझेलाच्या सगळ्या आयुष्यावर त्याने एका वाक्यात माती लोटली, आणि बसलेल्यांपैकी कुणी त्याला खोडलं नाही. ओडेलनेही नाही.

फेब्रुवारीत, वारा फिरलेल्या एका दुपारी, ओडेलच्या उजव्या डोळ्यात कण गेला. टाकीवरून उतरला तोच डोळा धरून.

"चोळू नकोस!" हॅस्कल धावत आला. "हात काढ. जा, क्लिऑनकडे…" त्याने जीभ चावली. चष्मा कपाळावर ढकलला. "पाणी मार. पाण्याने जाईल."

पाण्याने गेला नाही. ओडेल एका डोळ्याने गाडी चालवत गावात आला. दवाखान्याचा रस्ता उजवीकडे होता. तो डावीकडे वळला. दिवसाउजेडी, शाळा सुटायच्या वेळी, सगळी गल्ली दारांत उभी असताना. आलेल्याला परत पाठवायचं नाही, हा नियम त्याच्या डोक्यात होता. कण काढून हवा होता, हे खरंच. नियम अजून आहे की नाही, तेही बघायचं होतं.

ओसरीच्या कठड्यावर मिठाच्या पाण्याचा पेला नेहमी उपडा ठेवलेला असे. तो नव्हता. बाक होता. क्लिऑन जाळीच्या दाराआड येऊन उभा राहिला. बारीक झाला होता. त्याने ओडेलचा डोळा बघितला, मग ओडेलच्या खांद्यावरून गल्ली बघितली. समोरच्या घरी दोघी जणी बोलायच्या थांबल्या होत्या. मिस विलामे खुर्चीत बसून हात हलवत होती. तिला कुणी काही समजावलं नसावं.

"बस," क्लिऑन म्हणाला आणि आत गेला.

ओडेल बाकावर बसला. सवयीने मान मागे टाकली, चांगला डोळा मिटला. आत नळ वाहिल्याचा आवाज आला. पावलं आली, फळी कुरकुरली, जवळ कुणीतरी उभं राहिलं. त्याला क्लिऑनच्या शर्टाचा वास आला, काट्यावरच्या मळीचा. ओडेल तसाच वाट बघत राहिला.

त्याच्या तळहातावर काहीतरी हलकं पडलं. डोळा उघडून बघितलं. औषधाच्या दुकानातली प्लॅस्टिकची छोटी बाटली होती.

"दोन-दोन थेंब टाक," क्लिऑन म्हणाला. आवाज मोठा होता, गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. "नाहीच गेला तर डॉक्टरला दाखव."

परत पाठवलं, असं म्हणता येणार नव्हतं. बसायला सांगितलं होतं, हातात औषध दिलं होतं. ओडेलने बाटली मुठीत धरली आणि उठला. पहिली पायरी उतरून थांबला.

"थँक्यू, क्लिऑन," तो म्हणाला.

त्या ओसरीवर हे कुणी कधी म्हटलं नव्हतं. क्लिऑनच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तो उत्तर शोधत असावा, पण त्या शब्दाला द्यायचं उत्तर त्या घरात नव्हतं. त्याने जाळीचं दार ओढून घेतलं.

ओडेल गाडीत बसला. आरशात बघून दोन थेंब टाकले, आग झाली, पाणी वाहिलं. मग दवाखान्याच्या रस्त्याला लागला, एका डोळ्याने, हळू. आभार मानले की कण परत येतो म्हणतात. हा अजून गेलाच नव्हता.